मोहरीलसाहेबांचा डास

इग्नेशियस रोझारिओला अंधेरीजवळच्या आंबोलीच्या गावठाणात सगळे इनास म्हणत. रोझारिओ म्हणून त्याला हाक मारणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे त्याचे साहेब, श्यामसुंदर मोहरील. ते उपनगर आरोग्य प्रचार कचेरीचे प्रमुख. ही कचेरी अंधेरी स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका कौलारू बंगलीत थाटली होती. साल सत्तावन्न. देशात योजना चालू होती, योजनेत हिवताप हटवायचा होता, आणि हटवायचा तर आधी तो लोकांना समजावून सांगायला हवा, असं वरून ठरलं होतं. समजावून सांगायचं काम मोहरीलसाहेबांकडे आलं, आणि उपनगरातले लोक संध्याकाळी सात वाजताच गाढ झोपू लागले.

साहेब माणूस वाईट नव्हते. चहा कधी एकटे पीत नसत, रजेचा अर्ज कधी अडवत नसत. पण भाषणाला उभे राहिले की त्यांच्या अंगात आकडे येत. उंच, काटकुळे, मे महिन्यातसुद्धा अंगात काळा कोट, खिशाला तीन पेनं आणि नाकाच्या शेंड्यावर घसरलेला गोल चष्मा. मान पुढे काढून, गुडघ्यात किंचित वाकून ते कागदावरून वाचू लागत, ‘दरहजारी लोकसंख्येमागे प्लीहावृद्धीचे प्रमाण’, आणि दीड तास थांबत नसत.

इनासचं काम तक्ते करायचं. साहेबांचे आकडे मोठ्या कागदावर टाकाने सुबक लिहायचे, वर दोऱ्याचे फास लावायचे आणि भाषणाच्या वेळी लाकडी घोड्यावर एकामागून एक टांगायचे. टांगून झाल्यावर त्याला उभं राहण्यापलीकडे काम नसे. म्हणून त्याने आपल्यापुरता एक नाद लावून घेतला होता. हाती लागेल त्या कागदावर तो रेघोट्या ओढत बसे. आवक पत्रांच्या समासात बगळे, रजेच्या अर्जामागे बोकड, टीपकागदावर झोपलेला श्रोतृवर्ग. घरी बायको, आयडा, भाकरीचं पीठ परातीत पसरून ठेवी, तर त्यातही हा बोटाने पाद्रीबाबांचं पोट काढून ठेवी. “कुणाच्या पोटात जाईल रे हे पोट?” असं म्हणून आयडा त्यावर पाणी ओती.

त्या साली कागदाची काटकसर करायची म्हणून साहेबांनीच हुकूम काढला की जुन्या तक्त्यांची पाठकोरी बाजू वाया घालवू नये. इनासने हुकूम मनापासून पाळला. दुपारी कचेरी पेंगत असताना त्याने एका तक्त्याच्या पाठीवर सवडीने एक डास काढला. उंच, काटकुळा, काळा कोट घातलेला. नाकाच्या शेंड्यावर गोल चष्मा, खिशाला तीन पेनं. हा डास पाण्याच्या उघड्या पिंपाच्या काठावर उभा राहून कागदावरून वाचतोय, आणि खाली पाण्यात त्याची पिल्लं, म्हणजे अळ्या, ओळीने झोपल्यात. एक अळी तेवढी जागी, ती दुसरीला विचारतेय, “संपलं का गं?” काढून झाल्यावर इनास पोटभर हसला आणि तक्ता गुंडाळीत ठेवून विसरला.

पुढच्या शनिवारी भाषण वेसाव्याला होतं, कोळीवाड्यातल्या शाळेच्या ओट्यावर. माणसं बरीच जमली होती, कारण साहेब येणार म्हणून चहा मिळणार असं कुणीतरी उठवलं होतं. पुढच्या रांगेत कृष्णाबाई बसली होती. वय साठीचं, आवाज खाडीच्या या तीरावरून त्या तीराला जाणारा. बाजारात मासळीचा भाव आणि कोळीवाड्यात माणसाचा भाव ठरवायचा तो तिनेच. साहेबांनी तिसरा तक्ता सुरू केला तेव्हा कृष्णाबाईची मान छातीवर आली होती. तिच्या मागे कुणी जाळं विणत होतं, तेही डोळे मिटून.

एवढ्यात समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला. घोड्यावरचा तक्ता फडफडला, एक फास सुटला आणि कागद गर्रकन फिरून पाठमोरा झाला. साहेबांचं लक्ष कागदात होतं. ते वाचत राहिले.

आधी एक पोरगी खुसकन हसली. मग तिची आई. मग जाळं विणणारा जागा झाला आणि त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. बघता बघता सगळा ओटा हसू लागला. कृष्णाबाई दचकून जागी झाली, तिने तक्त्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

नोकरी गेली, असं इनासने मनात धरूनच टाकलं. साहेब वळले. चष्म्यावरून, मग चष्म्यातून त्यांनी चित्र न्याहाळलं. इनासने डोळे मिटले.

“हा,” साहेब म्हणाले, “डास आहे.”

माणूस आरशात रोज स्वतःला बघतो, पण दाढीपुरतं. साहेबांना त्या डासात आपलं काही आहे हे कळलंच नाही. त्यांना एवढंच कळलं की दोन वर्षांत पहिल्यांदा समोरची माणसं जागी आहेत.

“डांस हाये ते दिसतं,” कृष्णाबाई म्हणाली. “पन ही पान्यातली पिलं कुनाची?”

साहेब कागदात उत्तर शोधू लागले. इनासच्या तोंडून निघून गेलं, “त्याचीच, बाय. तुझ्या पिंपात जी वळवळतात ना, ती.”

“माज्या पिंपान?”

“झाकण नसलेल्या कुठल्याही पिंपात.”

कृष्णाबाई तडक उठली. पाच मिनिटांत ती पितळी तांब्या घेऊन आली आणि तिने तो टेबलावर साहेबांच्या भाषणावर ठेवला. आत पाण्यात काळे दोरे वळवळत होते. सगळा कोळीवाडा तांब्यावर वाकला. मग जो तो आपापलं पिंप बघायला धावला, आणि भाषण पन्नासाव्या मिनिटाला आपोआप संपलं. जाताना कृष्णाबाईने तो तक्ता मागून घेतला. “भिंतीला लावतंय,” ती म्हणाली. इनासने सुटकेचा श्वास टाकून तो देऊन टाकला.

आठ दिवसांनी फवारणीवाले वेसाव्याला गेले तर एकही पिंप उघडं नाही. कुणी फळी ठेवलेली, कुणी पाटी पालथी घातलेली, कुणी जुन्या शिडाचा तुकडा बांधलेला. ही वार्ता अंधेरीहून वर गेली आणि वरून विचारणा आली: हे कशामुळे झाले? साहेबांनी उत्तर धाडलं की त्यांनी विकसित केलेल्या ‘रेघोटी पद्धती’मुळे.

इनासला वाईट वाटलं नाही. नोकरी राहिली यातच तो खूश होता. पुढचे दोन महिने तर मजेचे गेले. साहेब आकडे वाचत, इनास बाजूला खडूने फळ्यावर रेघोट्या ओढी, लोक हसत, आणि हसता हसता चार गोष्टी ऐकून जात. कांदिवलीला एका म्हाताऱ्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पण सरकारला एकदा एखादी गोष्ट आवडली की तिचं काही खरं नसतं. वरून परिपत्रक आलं. सर्व प्रचार अधिकाऱ्यांनी व्याख्यानात रेघोट्या काढाव्यात. रेघोट्या उत्स्फूर्त असाव्यात. उत्स्फूर्त रेघोट्यांचे कच्चे आराखडे तीन प्रतींत आठ दिवस अगोदर मंजुरीस पाठवावेत. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथले अधिकारी शिकायला अंधेरीला आले. साहेबांनी त्यांना रेघोटी या विषयावर दीड तास भाषण दिलं, त्यात ते झोपले, आणि परत जाऊन आपापल्या वकुबाप्रमाणे चित्रं काढू लागले. मुलुंडच्या अधिकाऱ्याचा डास लोकांना शेळी वाटला. दुसऱ्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून पंचवीस-तीस शेळ्या टोचून घ्यायला कचेरीच्या दारात उभ्या.

असे घोटाळे होऊ नयेत म्हणून समिती नेमली गेली: एक डॉक्टर, एक निवृत्त चित्रकला शिक्षक आणि एक हेडक्लार्क. इनासने वेसाव्याचा डास आठवून पुन्हा काढला, साहेबांना तो फार पसंत होता, आणि समितीपुढे ठेवला. पहिल्या बैठकीत चष्मा गेला. डासाला चष्मा दाखवल्याने सुशिक्षित वर्गाचा उपमर्द होतो. दुसऱ्या बैठकीत कोट गेला. कोट गेलेल्या सरकारचा की आलेल्या, हे स्पष्ट होत नाही. डॉक्टर म्हणाले, चावते ती मादी, तेव्हा लुगडं नेसवा. हेडक्लार्क म्हणाला, मग महिला मंडळाला उत्तर तुम्ही द्या. लुगडं नेसवण्याआधीच फेडलं गेलं. डॉक्टरांनी पोट रक्ताने टरारलेलं करून घेतलं होतं, ते अन्नटंचाईच्या दिवसांत बरं दिसत नाही म्हणून आत घेतलं. झोपलेल्या अळ्या कापल्या, कारण जनता जागृत आहे असं सरकारने नुकतंच जाहीर केलं होतं. पाचव्या बैठकीअखेर कागदावर एक लंबगोल आणि सहा रेघा उरल्या. खाली लिहायचं होतं, ‘डास (नमुना)’.

“उत्तम,” चित्रकला शिक्षक म्हणाले. “आता हे कुणालाही काढता येईल.”

इनासने तो नमुना दिवसाला वीस-वीस वेळा काढला. एके संध्याकाळी आयडाने नेहमीसारखी पिठाची परात त्याच्यापुढे सरकवली. तो नुसता बसून राहिला.

“बोट नाही का फिरवायचं?” ती म्हणाली.

“काय काढू?”

आयडाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. “ताप आलाय काय रे तुला?” तिने त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. नुसतं काहीच सुचत नव्हतं. समासातले बगळे गेले होते, बोकड गेले होते. कागद पुढे आला की मनात आधी हेडक्लार्क येई आणि विचारी, ‘याचा अर्थ काय?’

डिसेंबरात सचिवालयातून उपसचिव पाहणीला यायचे ठरले. अंधेरीच्या एका शाळेचा हॉल सजवला. वेसाव्याहून लाभधारक नागरिक म्हणून कृष्णाबाईला सन्मानाने बोलावलं. ती हिरवं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून आली. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इनासला वाटलं, उपसचिवांसाठी सुकट असेल.

साहेबांनी भाषण केलं. ठरलेल्या जागी ठरलेली उत्स्फूर्त खूण केली, आणि इनासने फळ्यावर लंबगोल काढून सहा रेघा मारल्या. हॉलमध्ये कुणी हललं नाही. पहिल्या रांगेत उपसचिवांचे डोळे जड होत चालले होते.

“यावर,” साहेब घाईघाईने म्हणाले, “आपण आपल्या लाभधारक भगिनींचे मनोगत ऐकू.”

कृष्णाबाई उठली. फळ्याजवळ जाऊन तिने नमुना जवळून पाहिला, मग लांबून पाहिला.

“यो कोन?” तिने इनासला विचारलं.

“डास आहे, बाय.”

“यो डांस नाय. यो ढेकूनबी नाय. आमचा डांस वेगला हाय. त्याला बगून आमी पिंपावर झाकनं टाकली.” आणि तिने बगलेतलं फडकं सोडलं.

आत वेसाव्याचा तक्ता होता. सहा महिने चुलीच्या धुराने पिवळा पडलेला, पण चष्मा, कोट, तीन पेनं सगळं शाबूत. तिने तो दोन्ही हातांनी उंच धरला. धरला तो नेमका साहेबांच्या शेजारी.

उपसचिवांनी डासाकडे पाहिलं आणि साहेबांकडे पाहिलं. त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. मग मागच्या रांगांनी रुमालाची वाट पाहिली नाही. साहेब गोंधळून सगळ्यांच्या नजरा जिथून जिथे जात होत्या तिथे पाहू लागले, तक्त्यावर आले, आणि या वेळी थांबले. त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. त्यांनी तो काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

हॉल रिकामा झाल्यावर ते खुर्चीवर बसून होते. इनास तक्ते गुंडाळत होता, हळूहळू, जेवढा वेळ काढता येईल तेवढा.

“रोझारिओ, हा मी आहे का?”

“डास आहे, साहेब.”

“चष्मा माझा आहे.”

“हो, साहेब.”

“त्या खालच्या अळ्या झोपल्या आहेत.”

इनास तक्त्याच्या दोऱ्याचा फास सोडवू लागला.

“रोजच झोपायचे लोक?”

“सगळे नाही, साहेब. जाळी विणणारे मधूनमधून जागे असायचे.”

साहेबांनी मान हलवली. इनासला वाटलं, हे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. चहा एकट्याने न पिणाऱ्या माणसाचा आपण डास केला, हे त्याला आवडलं नाही.

पंधरा दिवसांत दोन हुकूम आले. स्वतःवर हसू शकणारा अधिकारी दुर्मिळ, असा शेरा मारून मोहरीलसाहेबांना बढतीवर सचिवालयात घेतलं होतं. आणि सरकारी कागदावर सरकारी अधिकाऱ्याची विनापरवाना आकृती काढल्याबद्दल इग्नेशियस रोझारिओची बदली देवनारला झाली होती. कचरापट्टीच्या वाऱ्यावर एक पत्र्याची कचेरी होती, तिथे जावक पाकिटांवर शिक्के मारायचे. खिडकी उघडली की वास, बंद केली की उकाडा. जाण्याआधी साहेबांनी त्याला बोलावून चहा पाजला.

इनासने शिक्के मारले. शिक्क्याचं एक बरं होतं, तिथे काही सुचावं लागत नसे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कृष्णाबाई आंबोलीला त्याचं घर शोधत आली. पाटीत सुके बोंबील होते. ते तिने आयडापुढे ठेवले आणि ओटीवर फतकल मारून बसली.

“पोरा, काम हाय,” ती म्हणाली. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबू उभे करून आडव्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात, त्या वलांड्यांची जागा एका बंगलेवाल्या सोसायटीला हवी होती. सोसायटीने वासाची तक्रार केली होती. गुरुवारी चौकशी अधिकारी शाळेत सुनावणीला येणार होता. “पयले दोनदा आला. आमी बोलतो तवा सायब झोपतो. तुजा सायब बोलायचा तवा आमी झोपायचो. आता तूच सांग, मानूस जागा कसा करायचा ते तुलाच ठावं.”

“बाय, माझा हात गेलाय,” इनास म्हणाला. “चार महिन्यांत मनासारखी रेघ ओढली नाही.”

“वल्हं टाकलेल्या मानसाचाबी जातो. होडीत बसवला का येतो.”

आयडा आतून बोंबील निवडता निवडता म्हणाली, “रजा टाक गुरुवारची.”

गुरुवारी शाळेच्या वर्गात अधिकारी बसला होता. गोल, गोरा, नुकताच जेवलेला. कोळीवाड्याचे दोन म्हातारे बोलत होते आणि त्याचे डोळे मिटत चालले होते. कृष्णाबाईने इनासला ढकललं.

तो फळ्यापुढे उभा राहिला. हातातला खडू ओला झाला. त्याने दोन उभ्या रेघा ओढल्या, एक आडवी. वलांडी झाली. पुढे काही येईना. मग त्याने दोरीवर एक बोंबील टांगला, तोंड वासलेला. त्या वासलेल्या तोंडाकडे बघताना त्याला हेडक्लार्क आठवला, आणि बोंबलाला हेडक्लार्कचे कान आले. कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या बोंबलाच्या शेजारी त्याने सोसायटीवाल्याची पाटलोण वाळत घातली. पलीकडे बंगला काढला, खिडकीत बंगलेवाला नाक धरून उभा.

“नाक मोठं कर,” कृष्णाबाई म्हणाली.

इनासने नाक मोठं केलं. अधिकाऱ्याचा एक डोळा उघडला. इनास आता थांबत नव्हता, दोरीवर बोंबील सात झाले. फळ्याच्या दुसऱ्या अंगाला त्याने तोच बंगलेवाला काढला, पण जेवायला बसलेला. बाहेर धो धो पाऊस, ताटात नुसता भात, आणि बंगलेवाला तेच मोठं नाक घेऊन सगळ्या घरात हुंगतोय: बोंबलाची चटणी कुठाय?

अधिकाऱ्याचे दोन्ही डोळे उघडले. तो पुढे वाकला.

“म्हणजे पावसाळ्यात सुके बोंबील मिळणार नाहीत?”

“वलांडीच नाय तर कुठशी मिलनार?” कृष्णाबाई म्हणाली.

“एकदम बंद?”

“एकदम.”

दोन सुनावण्यांत अधिकाऱ्याने सुधारणा, सौंदर्य आणि आरोग्य यांचा विचार केला होता. आता पहिल्यांदाच तो खरा विचार करत होता. शेवटी त्याने लेखणी उचलली. “प्रकरण दिसते तितके सोपे नाही. अधिक चौकशी व्हावी. तोवर जागा जैसे थे.” आणि लिहिता लिहिता मान वर करून म्हणाला, “ते चित्र पुरावा म्हणून प्रकरणाला जोडा.”

चित्र फळ्यावर होतं. त्यामुळे फळाच जोडावा लागला. दत्ताराम नावाच्या शिपायाने आणि आणखी एकाने तो भिंतीवरून उतरवला, बैलगाडीत घातला आणि न पुसता अधिकाऱ्याच्या कचेरीत नेला. मास्तर गाडीमागे नाक्यापर्यंत ओरडत गेले. पुढच्या रविवारी इनासने घरी काजळी आणि सरस कालवून एका दाराच्या फळीला तीन हात दिले आणि ती शाळेला नेऊन दिली.

महिन्याभराने दत्ताराम आंबोलीला हजर.

“चौकशीवाल्या साहेबांनी बोलावलंय. पुराव्यावरचा खडू उडायला लागला. नाक पुसट झालंय. म्हणाले, ज्याने काढलं त्यानेच नीट करून द्यावं, दुसऱ्याने हात लावला तर पुराव्यात फेरफार होईल.”

इनास गेला. एका अंधाऱ्या खोलीत, फायलींच्या ढिगाला टेकून फळा उभा होता. त्याने नाक पुन्हा ठळक केलं. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून सहज बंगल्याच्या कौलावर एक बगळा बसवला. पुढच्या महिन्यात बोंबील थोडे वाढवले. त्याच्या पुढच्या महिन्यात खिडकीत बंगलेवाल्याची बायको आली आणि तिने चोरून एक बोंबील ओढला. फळा कुणी नीट बघत नव्हतं. जो बघे तो हसे आणि फाईल पुन्हा खाली ठेवून देई.

सुनावणीच्या दिवशी फळ्यावर सात बोंबील होते. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर वेसाव्याच्या वलांड्या पुन्हा भरल्या तेव्हा ते एकतीस झाले होते, आणि चौकशी चालूच होती.